फोक्सवॅगन वॅनागन वेस्टफालिया (१९८७): नऊ महिने, साडेआठ हजार मैलांनंतर

गाडी १९८७ ची, आत राहायची सोय असलेली (कॅम्पर) व्हॅन. मागे २.१ लिटरचं पाण्याने थंड होणारं इंजिन, हाताचे चार गिअर, वर उचलायचं छप्पर, आत शेगडी, सिंक, फ्रिज आणि झोपायला चौघांची सोय. घेताना ओडोमीटरवर २,३१,००० मैल होते. वापर सगळा कॅलिफोर्नियातला, घाटरस्ते आणि वाळवंट दोन्ही. सरासरी गॅलनला १७ ते १८ मैल, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास.

ओडोमीटरवर एवढा मोठा आकडा पाहून लोक माघार घेतात. पण या मॉडेलमध्ये ओडोमीटरची प्लास्टिकची दातेरी चाकं सर्रास तुटतात आणि वेगाचा काटा चालू असताना आकडा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. त्यामुळे आकडा कमी असला तरी तो खरा धरू नये. विकणाऱ्याकडून कामाच्या पावत्या मागा आणि त्यावरून रबराचं वय काढा. नऊ महिन्यांत जे जे बिघडलं त्यातलं बहुतेक रबर होतं, किंवा रबर जिथे धातूला चिकटतं ती जागा.

घेताना सगळ्यात आधी पत्रा बघावा. इंजिन बदलता येतं, सडलेली बॉडी नाही. पत्र्यांच्या सांध्यांत कारखान्यातच सीलर (फट बुजवणारा लेप) भरलेला असतो. तो सुकून तडकतो, फटीत पाणी मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. पुढच्या काचेचे खालचे कोपरे, स्वयंपाकाच्या बाजूला पाणी आणि वीज जोडायच्या झडपांच्या कडा, मागच्या चाकांमागची कमान आणि पुढच्या उजव्या सीटखालची बॅटरीची पेटी या चार जागा सोडू नका. रंगावर पापुद्रा फुगलेला दिसला की नखाने दाबून बघा. कुरकुर आवाज आला तर खाली गंज आहे. हे काम घरी जमतं, पण घाई चालत नाही. जुना सीलर पूर्ण खरवडायचा, तारेच्या ब्रशने पत्रा चमकेपर्यंत घासायचा, फटीत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावून दिवसभर सुकू द्यायचं, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेन सीलर आणि शेवटी रंग. नुसता वरून रंग मारलेली गाडी सहा महिन्यांत पुन्हा फुगते. ताजा रंग दिसला तर भाव पाडून मागा.

दुसरी तपासणी इंजिनाच्या हेडची, म्हणजे सिलिंडरांची टोकं बंद करणाऱ्या भागाची. मॅटाडोरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला असे. इथे ते गाडीच्या शेपटीत, आडव्या सिलिंडरांचं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बाहेरच्या कडेने एक जाड रबरी गॅस्केट बसतं. त्याचं काम फक्त पाणी अडवणं. कॉम्प्रेशनसाठी (सिलिंडरमधला दाब धरण्यासाठी) आत वेगळ्या धातूच्या रिंगा असतात. चुकीचं, फॉस्फेट असलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं मिश्रण) घातलं की त्या रबराखालचं ॲल्युमिनियम झिजून खड्डे पडतात. इंजिन गार असताना खाली आडवं होऊन टॉर्चने ती कड बघा. कूलंट झिरपत असेल तर शिवणीवर पांढरी-हिरवी पुटं जमलेली दिसतात, बोट लावलं की बोट चिकट होतं. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. खड्डे असतील तर हेड बदलावी लागतात, आणि हेडचे स्टड पाण्यातून जात असल्यामुळे नटांना सीलंट लावायलाच हवं. हे काम विसरलं गेलं की नवं हेडसुद्धा नटातून ठिबकतं.

तिसरी गोष्ट ऑइल प्रेशर. या इंजिनात दोन स्विच आहेत. एक ०.३ बारला (बार हे दाबाचं एकक), आयडलवर म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना दिवा लावतो. दुसरा ०.९ बारचा, आणि इंजिन २,००० आरपीएमच्या वर असताना प्रेशर त्याखाली गेलं तर बझर वाजतो. बझर वाजणारी गाडी स्वस्तात मिळाली तरी दोष स्विचचाच असेल असं मानून ती घेऊ नका. मेकॅनिकी गेज लावून गरम इंजिनावर मोजा: २,००० आरपीएमला किमान २ बार हवेत. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरांतला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. जास्त चाललेल्या २.१ लिटरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) बोल्ट ताणून सैल पडतात आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून इंजिन कधीतरी उघडून बांधलेलं असेल तर रॉडचे बोल्ट नवे टाकले का, हा प्रश्न विचाराच.

घेतल्यावर पहिलं काम पेट्रोलच्या नळ्यांचं. त्याआधी लांबचा प्रवास नको. या गाड्या जळतात त्या बहुतेक तडकलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल गळून. टाकी पुढे, इंजिन मागे, म्हणून नळ्या भरपूर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग टाकीपासून पंपापर्यंतच्या, फिल्टरच्या, इंजिनवरच्या आणि प्रेशर रेग्युलेटरच्या सगळ्या नळ्या एकदमच बदला. एक नवी, एक जुनी असं करू नये. नळी फ्युएल इंजेक्शनची, जे३० आर९ (इंजेक्शनच्या नळीची खूण) लिहिलेलीच हवी, आणि क्लॅम्पही गुळगुळीत पट्टीचे. दातेरी पट्टीचे क्लॅम्प नळी चिरतात. इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) त्याच वेळी नव्या टाका. काम झाल्यावर पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा. वास आला किंवा टाकीच्या वरच्या बाजूने ओल दिसली, तर वरचे रबरी ग्रोमेट गेलेत. त्यासाठी टाकी खाली उतरवावी लागते.

मग कूलंट. रेडिएटर पुढे असल्यामुळे गाडीखालून दोन लांब पाइप जातात आणि एकूण सुमारे १७ लिटर पाणी फिरतं. प्लास्टिकच्या पाइपांची टोकं ढिली होतात; स्टीलच्या पाइपांचा संच घातला की तो विषय संपतो. खरी कसरत हवा काढण्याची आहे. हीटर पूर्ण उघडा, गाडीचं नाक जॅकवर उचला, वरची जाळी काढून रेडिएटरचा हवेचा स्क्रू सैल करा, इंजिन २,००० च्या आसपास धरा आणि कूलंटच्या टाकीत हळूहळू कूलंट ओतत राहा. स्क्रूमधून आधी फसफस, मग बुडबुडे, मग अखंड धार येते. तेव्हाच तो आवळायचा. या टाकीचं निळं झाकण जुनं असेल तर फेकून नवं बसवा, कारण ते प्रेशर धरत नाही आणि मग टाकीतलं पाणी मागच्या छोट्या टाकीत जाऊन परत येत नाही.

तापमानाचा काटा नेहमी लाल दिव्याच्या आसपास उभा राहतो. चावी फिरवल्यावर दिवा थोडा वेळ लुकलुकून विझला पाहिजे. चालताना तो लुकलुकत राहिला तर गाडी तापली आहे किंवा टाकीत कूलंट कमी आहे, दोन्हीत थांबायचं. चढावर काटा वर सरकला आणि रेडिएटरच्या पंख्याचा आवाज आलाच नाही, तर बहुधा पंख्याच्या मंद वेगाचा रेझिस्टर (वीज कमी करणारा भाग) तुटलेला असतो. मोठा वेग चालू असल्यामुळे हा बिघाड कित्येक महिने लक्षात येत नाही.

एक आजार या गाडीचा खास. तासभर सलग चालल्यावर गाडी अचानक हिसके देते, पाय दाबला तरी ओढत नाही. थांबवून परत सुरू केली की पुन्हा ठीक. कारण हवा मोजणाऱ्या मीटरची झिजलेली कार्बनची पट्टी आणि त्याच्या सिग्नलमधला गोंधळ. नवा मीटर घेण्याआधी स्वस्त गोष्टी करा: निळ्या कनेक्टरचा तापमान सेन्सर बदला, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या अर्थिंगच्या वायरी काढून टोकं घासून परत आवळा. एवढ्याने बऱ्याच गाड्या बऱ्या होतात.

गिअर सापडत नसतील तर गिअरबॉक्सवर संशय घेण्याआधी गिअरच्या दांड्याचे बुश (दांडा टेकणाऱ्या कड्या) बघा. दांडा पुढून मागेपर्यंत जातो, वाटेतले बुश झिजले की पहिला आणि रिव्हर्स हरवतात. गिअरबॉक्सचं ऑइल ८०डब्ल्यू-९० घट्टपणाचं, जीएल-४ दर्जाचं.

मागच्या ॲक्सलला चार सीव्ही जॉइंट (चाक वरखाली होतानाही फिरवणारे सांधे) आहेत, प्रत्येकाला सहा बोल्ट. बोल्टांना बारा कोनांचा ८ मिमीचा बिट लागतो. आधी बोल्टच्या डोक्यातला चिखल सुईने काढा, नाहीतर बिट घसरून डोकं गोल होतं. साफ करून प्रत्येकात साधारण ९० ग्रॅम ग्रीस, आणि बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला. मागच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरांचं रबर उचलून आत ओल दिसली तर जोडीनेच बदला. टायर व्हॅनचेच, जास्त भार पेलणारे घ्या. साध्या कारच्या टायरवर ही उंच गाडी वाऱ्यात डोलते.

आतल्या सामानात शेगडी चांगली, पाण्याची टाकी चांगली. फ्रिज गॅसवर, घरच्या विजेवर आणि गाडी चालू असताना १२ व्होल्टवर चालतो. गॅसवर पेटवायचा तर जमिनीवर झोपून खालच्या काचेच्या डोळ्यात बघावं लागतं: आधी हाताच्या पंपाने आतली हवा बदलायची, बटण दाबून धरायचं, ठिणगी द्यायची, आणि निळी ज्योत दिसल्यावरही अर्धा-एक मिनिट बटण सोडायचं नाही. गाडी तिरकी असेल तर तो थंड करतच नाही. उन्हाळ्यात वाळवंटात दूध टिकलं नाही. कंप्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज आणि ड्रायव्हरच्या सीटखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घातल्यावर दोन दिवस एका जागी थांबता येतं.

कॅलिफोर्नियात जुन्या पेट्रोल गाड्यांपैकी धुराच्या चाचणीतून सूट फक्त १९७५ पर्यंतच्या गाड्यांना आहे, त्यामुळे या गाडीला ती चाचणी पास व्हावीच लागते. विकत घेण्याआधी ताजं प्रमाणपत्र मागा. सुबारूचं इंजिन बसवलेली व्हॅन चढावर फार छान ओढते, पण या राज्यात त्या बदलाची सरकारी मंजुरी कागदावर नसेल तर ती गाडी घेऊ नये.

राहिलेली कामं तीन: छपराच्या कापडी तंबूची शिवण, पुढच्या चाकांचे वरचे बॉल जॉइंट (सस्पेन्शनचे गोल सांधे) आणि मागच्या चाकांचे बेअरिंग. बेअरिंगसाठी ४६ मिमीचा नट सोडवायचा आहे आणि परत ५०० न्यूटन-मीटरला आवळायचा आहे, त्यासाठी लांब दांड्याचा पाना मागवला आहे.