ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी: ‘फनी’पुरतं परीक्षण, एका नर्सकडून

डिक्शनरी चांगली की वाईट हे ठरवायचं तर एकच शब्द घ्यावा आणि नीट खणून बघावा. मी ‘फनी’ घेतला, कारण इंग्लंडमधल्या आमच्या वॉर्डात हा शब्द हसण्यासाठी फार कमी वेळा येतो. ऐंशीच्या घरातल्या आजी "आय फील अ बिट फनी" म्हणाल्या, की बीपीचं मशीन आणायचं. आपल्याकडे "कसंतरीच होतंय गं" म्हणतात ना, तेच हे.

मी वापरते ती ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, वेबसाइटवरची. ती फुकट आहे, ॲपला मात्र पैसे पडतात. ‘फनी’ उघडलं की आधी हसवणारा, मग विचित्र, पुढे काहीतरी काळंबेरं असल्याचा आणि बरं न वाटण्याचाही अर्थ मिळतो. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. भाषा सोपी आहे, कारण पुस्तक मुळात परदेशी शिकणाऱ्यांसाठीच झालं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांचं हे पुस्तक १९४२ साली तिथेच छापलं गेलं, ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढलं.

‘फनी टर्न’ शोधायचं तर ‘टर्न’खाली बघा. म्हणजे अचानक भोवळ आल्यासारखं होणं. शेरा आहे ‘जुन्या वळणाचा’. असेल बापडा, आमचे पेशंटही जुन्याच वळणाचे! पण कुणी "काल फनी टर्न आला" म्हणालं, तर बोलणं अडखळलं का, चेहरा वा हात एका बाजूने लुळा पडला का, हे विचारायलाच हवं. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटलेला असू शकतो. हे सांगणं डिक्शनरीचं काम नाही.

‘विचित्र’ हा अर्थ मराठी माणसाला जड जाऊ नये. "गंमतच आहे, किल्ली आत्ता इथे होती" म्हणताना आपण कुठे हसत असतो? आपली खरी गफलत ‘फन’ आणि ‘फनी’ची. सहल मजेत झाली तर ती ‘फन’. ‘फनी’ म्हणालात तर समोरचा विचारणार, कोण घसरून पडलं?

‘हिलेरियस’चं, म्हणजे ‘अतिशय विनोदी’चं, पानही बघा. त्यात ‘अतिशय’ आधीच आहे, म्हणून त्याला ‘व्हेरी’ लावत नाहीत, ‘ॲब्सोल्यूटली’ लावतात.

ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलींनो, याद्या पाठ करण्यापेक्षा इथली उदाहरणं मोठ्याने वाचा. "आर यू ट्राइंग टु बी फनी?" हे परीक्षेत कुणी विचारणार नाही. रात्रपाळीत एखादे आजोबा विचारतील, आणि ते चिडलेले असतील.