मीटरवर अठरा हजार, गाडी चाललेली साठ हजार

कांदिवलीच्या एका मुलाने मध्यंतरी २०१३ ची जुनी ॲव्हेंजर २२० बाइक घेतली. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, फक्त १८,००० किमी’. सीट कव्हर नवं, टाकी चकाचक. महिन्याभरात टायमिंग चेन वाजू लागली, क्लच घसरू लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर टाकला तर दोन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डवर ५४ हजार किमीची नोंद! ॲव्हेंजर, युनिकॉर्न, जुनी थंडरबर्ड ३५०, या स्वस्तात मिळणाऱ्या आणि फारसं काम न काढणाऱ्या गाड्या. मागणी भरपूर, म्हणून मीटर मागे फिरवायचा हा धंदाही त्यांच्यातच जोरात.

आधी साधा हिशेब करा. दहा वर्षांत अठरा हजार म्हणजे महिन्याला दीडशे किलोमीटर. मग गाडीला लांबच्या प्रवासाच्या सॅडलबॅगच्या कॅरिअरचे बोल्ट कशाला, आणि टाकीवर लेह-लडाखच्या स्टिकरचा गोंद कुठून आला?

केबलवालं मीटर उघडून आकडे मागे नेणं हे थोड्या वेळाचं काम, आणि डिजिटलही सुटलेलं नाही. मीटरच्या स्क्रूंवर ओरखडे दिसतात का, आकडे एका रेषेत आहेत का ते बघा. पण खरी साक्ष देतात त्या विकणाऱ्याने न बदललेल्या वस्तू. गिअर लिव्हरचं आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का? पुढच्या ब्रेकच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. कडेला उंचवटा लागला तर डिस्क बरीच झिजली आहे. कमीत कमी जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दोन्ही टायर आणि चेनसेट नवे असतील तर पहिले कधी संपले, हे विचारा. फोर्क पाइपवर (पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या नळ्यांवर) गंजाचे टोचे असतील (मुंबईच्या खाऱ्या हवेत असतातच), तर ऑइल सील कितीही वेळा बदला, गळणारच.

गाडी थंड असताना सुरू करून बघायची, यात तडजोड नको. पोचल्याबरोबर इंजिनला हात लावा. गरम असेल तर ‘उद्या येतो’ म्हणून निघा. जाडं तेल घालून, गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा खडखडाट दबतो. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. रेस दिल्यावरही येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा, म्हणजे इंजिन बांधायचा खर्च. शेवटच्या काळातल्या थंडरबर्डमध्ये हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट आहेत, सुरुवातीला काही सेकंद टिकटिक झाली तर घाबरू नका.

पावसाळ्यानंतर बाजारात आलेल्या गाड्यांचं साइड पॅनल आणि एअर फिल्टरचा डबा उघडाच. हिंदमाता, मिलन सबवेच्या पाण्यात बुडालेली गाडी धुतली तरी कोपऱ्यात बारीक गाळ राहतो, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो. ऑइलच्या झाकणाखाली किंचित पांढरा मळ जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही जमतो. आतलं तेलच दुधाळ असेल, म्हणजे त्यात पाणी मिसळलं असेल, तर मात्र विषय संपला.

कागदांत ‘सिंगल ओनर’ खरं निघतं, तेही फसवंच. मूळ मालकाने सही करून दिलेल्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) गाडी तीन-चार हातांतून फिरते, आरसीवर नाव पहिल्याचंच. त्यामुळे एमपरिवहन या सरकारी ॲपवर नाव, बोजा (गाडीवरचं कर्ज), विमा तपासा, थकलेली ई-चलनं बघा आणि आरसीवरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात हवा. हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. तिथे घासल्याची खूण किंवा ताजा रंग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो’ असं सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे गाडी नसतेच. बाकी व्यवहारात टोकन हजार-दोन हजारांचं, उरलेली रक्कम गाडी नावावर करण्याचा अर्ज भरून पावती मिळाल्यावर.