गुलमर्गमधील स्की-प्रशिक्षण : साताऱ्याच्या ट्रेकरचा अभिप्राय

अजिंक्यतारा, यवतेश्वर चढून कमावलेला दम स्कीवर चढणीपुरताच कामी येतो. गुलमर्गमधील एका खासगी संस्थेच्या प्रशिक्षकांनी टाचा बाहेर ढकलून, स्कीची टोके जवळ आणून थांबणे अतिशय चिकाटीने पक्के करून घेतले. मात्र लिफ्टपासून दूर, मोकळ्या हिमात जाण्याचे शिक्षण अशी जाहिरात असूनही हिमस्खलनाविषयी काहीच शिकवले नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे. कारण बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि गाडल्या गेलेल्या सोबत्याला पहिल्या १५ मिनिटांतच बाहेर काढायचे, तर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोध घेण्याची लांब काठी) व फावडे वापरण्याचा सराव प्रत्येकाला हवा. पैसे भरण्यापूर्वी या सरावाविषयी लेखी विचारणा अवश्य करावी.