ॲकॉर्ड की अलायन्स? राणा प्लाझानंतरच्या दोन वाटा

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. तरी शिलाई कामगारांना आत बोलावलं गेलं. त्यानंतर तिथून कपडे शिवून घेणाऱ्या परदेशी ब्रँड्सनी कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन वेगळ्या करारांच्या वाटा धरल्या: ‘ॲकॉर्ड’ आणि ‘अलायन्स’.

‘ॲकॉर्ड’मध्ये मुख्यतः युरोपीय कंपन्या होत्या, एच अँड एम, इंडिटेक्स वगैरे. खरी गोम सह्यांमध्ये आहे. इथे कंपन्यांच्या बरोबरीने जागतिक कामगार संघटनांनीही सही केली, त्यामुळे शब्द मोडणाऱ्या कंपनीला लवादासमोर खेचता येत होतं. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. दोन ब्रँड्सविरुद्धची प्रकरणं हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेली आणि त्यातल्या एकाने २०१८ मध्ये २३ लाख डॉलरवर तडजोड केली. दुरुस्तीचा खर्च कारखानदाराला झेपेल, हे पाहणंही ब्रँडवर बंधनकारक होतं. मला हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं. एरवी भाव पाडायचा आणि वर सुरक्षिततेचे धडे द्यायचे, हा नेहमीचाच खेळ!

‘अलायन्स’ उत्तर अमेरिकी कंपन्यांची. वॉलमार्ट आणि गॅप तिच्यात होत्या. तपासण्या इथेही झाल्या, कामगारांसाठी हेल्पलाइनही होती. पण करारावर कामगार संघटनांची सही नव्हती. म्हणजे कंपनीला जाब विचारायचा तोही कंपन्यांनीच. २०१८ च्या अखेरीस अलायन्सने गाशा गुंडाळला. ॲकॉर्ड मात्र नव्या रूपात चालू राहिला आणि २०२३ मध्ये पाकिस्तानातही पोचला.