कोकणातल्या छपरासाठी ताडपत्री: निळी विणलेली की सिल्पॉलिन?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि त्याच्या पाठोपाठ मोसमी पाऊस. पत्रे-कौलं मिळेपर्यंत रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांवर ताडपत्रीच होती. तेव्हा ताडपत्री निवडताना वादळाच्या एका दिवसापेक्षा पुढचा सगळा पावसाळा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. त्या हिशेबाने निळी विणलेली ताडपत्री छपरावर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या विणून वर दोन्ही बाजूंनी पातळ लेप दिलेली. घडीच्या रेषेवर आणि कौलांच्या कडांवर घासून हा लेप उडतो, मग विणीतून पाणी झिरपायला लागतं. वरून भोक दिसत नाही, त्यामुळे गळती शोधत बसावं लागतं. सिल्पॉलिन हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, पण दुकानात त्या प्रकारच्या सगळ्याच मालाला लोक तेच म्हणतात. यात वीण नसते. प्लास्टिकचे थर आडवे-उभे एकमेकांवर चिकटवलेले असतात. खिळ्याने भोक पडलं तरी चीर सहज पुढे पळत नाही, आणि ठिगळ लावलं की काम भागतं. दोष एकच, ती घसरडी असते. बांधणी चुकली तर लवकर सरकते.

दुकानात छापील आकड्यावर विश्वास ठेवू नका, वजन करा. 18 बाय 24 फुटांची ताडपत्री म्हणजे 40 चौरस मीटर. ती 200 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम) असेल तर वजन 8 किलोच्या आसपास भरलं पाहिजे. 6 किलो भरलं तर ती 150 ची आहे, शिक्का काहीही असो. टेपही लावा, कारण काठ दुमडण्यात काही इंच जातात. छपरासाठी 200 च्या खाली जाऊ नये. फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्याच्या धारदार कडा असतील तर 250 घ्या. घरात तांदळाची पिंपं, अंथरुणं, कपाट झाकायला 120 पुरते.

माप घेताना आढ्यापासून वळचणीपर्यंतची लांबी मोजा, त्यात आढ्यावरून पलीकडे टाकायला 3 फूट आणि वळचणीखाली 2 फूट मिळवा. म्हणजे 12 फूट उतार आणि 20 फूट लांबीच्या पाख्याला 18 बाय 24 बरोबर बसते. आढ्यावरच ताडपत्री संपवली की पाणी थेट आढ्यातूनच आत येतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

आता महत्त्वाचं. वादळाचा इशारा आला म्हणून धड असलेल्या छपरावर ताडपत्री चढवू नका. ताशी 110 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 57 किलो भरतो. 40 चौरस मीटरचं शीड वाऱ्याने उचललं तर ते पत्रेही सोबत नेतं. त्या दिवसांत लक्ष द्यायचं ते छपराच्या बांधणीकडे: पत्रे धरून ठेवणारे, खाऱ्या हवेने गंजलेले जे-हुक बदलणं, वळचणीची आणि आढ्याची कौलं रिपांना तारेने बांधणं, आणि वासे भिंतीला घट्ट आहेत का ते पाहणं. ताडपत्री तोवर घरात कोरडी घडी करून ठेवा. आणि वारा अचानक थांबला म्हणून लगेच वर चढू नका. वादळाचा डोळा डोक्यावर असेल तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने सुटतो.

बांधताना काठाच्या रिंगांवर भार देऊ नका, आधी त्याच फाटतात. काठ बांबूवर दोन-तीन वेढे गुंडाळा आणि दोरी बांबूलाच बांधा. मध्ये कुठे पकड हवी असेल तर ताडपत्रीच्या खालून गोल खडा धरून वर आलेल्या गोळ्याच्या मुळाशी दोरी आवळा, भोक पाडायची गरज नाही. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, म्हणून पहिल्या पावसानंतर सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्याच लागतात. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर कौलांसारखी वरची खालचीवर फूटभर चढवा. आडव्या जोडाचं तोंड पश्चिमेला ठेवू नका.

जिथे पत्रा उडून पोकळी झाली आहे तिथे आधी बांबू किंवा रिपा फूट-दीड फुटावर टाका, मग ताडपत्री. नाहीतर तिथे पाण्याचा फुगा होतो. चौरस मीटरभर जागेत चार बोटं पाणी साठलं तरी 75 किलोचं ओझं, आणि ते एका रात्रीत वाढत जातं.

वर चढण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, छपरावर वीजतार पडलेली नाही ना ते पाहा. शेवाळलेल्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देणं जिवावरचं आहे. फळी टाका, आणि तीही बोल्टच्या ओळीवर, म्हणजे खाली लाकडाचा आधार असतो.

ठिगळ लावताना जागा कोरडी पुसा, दोन्ही बाजूंनी लावा, कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरे लवकर उचलतात. पावसाळा सरल्यावर ताडपत्री धुऊन पूर्ण वाळवा आणि उंदीर लागणार नाहीत अशा पिंपात दोरीसकट ठेवा. एप्रिलअखेर एकदा उघडून उजेडासमोर धरा, भोकं लगेच दिसतात.