पंख्याचा आवाज: ऑफिसच्या २३ संगणकांवर बॉइंक, नऊ महिने

काल मेंटेनन्स कंत्राटदाराचा तिसरा मेल आला. ‘सदर संगणकावर मायनिंग सॉफ्टवेअर आढळल्याने पॉवर सप्लाय बदलून मिळणार नाही.’ मायनिंग, म्हणजे संगणक राबवून बिटकॉइनसारखं चलन कमावणं! नऊ महिने तेवीस यंत्रं राबली आणि त्यातून कुणाच्या हाती छदाम पडला नाही, त्याला हे मायनिंग म्हणतात. तेव्हा राग ताजा आहे तोवर हा अनुभव लिहून टाकतो.

बॉइंक म्हणजे रिकाम्या संगणकांची ताकद इंटरनेटवरून वैज्ञानिक संशोधनाच्या गणिताला देणारं सॉफ्टवेअर. ते कसं बसवायचं, हे सांगत बसत नाही. यंत्रं साधी आहेत: चार कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग), आठ थ्रेड (एका कोअरवर एका वेळी दोन कामं), ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यांची देखभाल माझ्याकडे. बॉइंक सर्व्हिस म्हणून बसवलं, म्हणजे कुणी लॉगिन केलेलं नसलं तरी ते चालतं. बॉइंक मॅनेजर या त्याच्या नियंत्रणाच्या प्रोग्रामची खिडकी आपोआप उघडू दिली नाही. सर्व्हिस म्हणून चालवलं की ग्राफिक्स कार्डावर गणित करता येत नाही, पण कार्डच नसल्यामुळे आमचं काही अडलं नाही. सगळी यंत्रं मी माझ्या टेबलावरून एकाच मॅनेजरमधून बघतो. उंटावरून शेळ्या हाकणं, पण शेळ्या निमूटपणे ऐकतात.

परवानगी लेखी घेतली होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो, आणि या बाबतीत तर ते अंगाशी येतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनने डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या अशाच एका प्रकल्पाचा प्रोग्राम कॉलेजच्या संगणकांवर न विचारता टाकला होता. त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ च्या जानेवारीत प्रोबेशन, भरपाई आणि समाजसेवेवर कसाबसा मिटला. २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका शाळा-जिल्ह्याच्या आयटी प्रमुखाला परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्या सेटी अ‍ॅट होमपायी नोकरी सोडावी लागली. म्हणून मी साहेबांसमोर एका पानाची टिप्पणी ठेवली. त्यांनी विचारलं, ‘यातून आपल्याला काय मिळणार?’ म्हटलं, क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण. ‘त्याचं पुढे काय करायचं?’ काही नाही, म्हटलं. सही केली त्यांनी. तेवढं सरळ उत्तर त्यांना बरेच दिवसांत मिळालं नसावं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा पंख्याचा आहे.

बॉइंकच्या सगळ्या सेटिंग्ज प्रोसेसरच्या हिशोबाने केलेल्या आहेत. किती टक्के कोअर, किती टक्के वेळ, कुणी काम करत असेल तर थांबायचं की नाही. पण शेजारी बसलेला माणूस टास्क मॅनेजर उघडून बघत नाही, त्याला कान असतात. मी पहिल्या आठवड्यात शहाणपणा केला आणि ‘सीपीयू वेळ’ साठ टक्क्यांवर आणला. वाटलं, हळूहळू, दमाने चालेल. प्रत्यक्षात बॉइंक प्रोसेसरचा वेग कमी करतच नाही. ते काम काही क्षण पूर्ण जोरात चालवतं, मग थांबवतं, पुन्हा चालवतं, आणि सरासरी साठ टक्के भरवतं. पंखा बिचारा तापमानाच्या मागे धावतो. वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. दिवसभर. एकसारखी घरघर माणूस दहा मिनिटांत विसरतो, पण हे असं श्वास घेतल्यासारखं चाललं की कान तिकडेच लागतो. लेखा विभागातल्या मॅडम चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘अहो, याला दमा झालाय का?’

दमाच होता तो. पण मला तो सेटिंगमुळे आहे हे कळायला तीन आठवडे लागले. तोवर मी पंख्यांना तेल घालत होतो.

उपाय साधा निघाला. सीपीयू वेळ शंभर टक्के ठेवायचा आणि थ्रेडची संख्या कमी करायची. आठपैकी तीन थ्रेड. आवाज थोडा वाढला, पण सपाट झाला, आणि मॅडमनी परत विषय काढला नाही.

दुसरी खोड ‘वापरात नसेल तेव्हाच’ या सेटिंगमध्ये आहे. माउस-कीबोर्ड तीन मिनिटं हलला नाही की संगणक रिकामा, असं बॉइंक मूळ सेटिंगमध्ये धरून चालतं. ज्याने कुणी हा आकडा ठरवला तो कागदावर काम करणाऱ्यांच्या शेजारी कधी बसला नसावा. आमच्याकडे माणूस बिल हातात घेतो, वाचतो, फोनवर बोलतो, पुन्हा वाचतो. तीन मिनिटं झाली की पंखा सुरू. माउसला हात लावला की बंद. जणू संगणक म्हणतोय, गेलात वाटलं तुम्ही. मी ते वीस मिनिटं केलं. काम थोडं कमी झालं, पण यंत्र कुणाच्या तोंडावर उसासे टाकेनासं झालं.

या तीन मिनिटांमुळे आणखी एक घोळ झाला होता. थांबलेलं काम मेमरीत राहू द्यायचं की काढून टाकायचं, याची एक खूण आहे. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते, म्हणजे काम थांबलं की मेमरीतून बाहेर. पुन्हा सुरू होताना ते शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटचं जिथे सेव्ह झालं तिथून सुरू होतं. चेकपॉइंट लांबलांब असेल आणि वर हा तीन मिनिटांचा शिवाशिवीचा खेळ असेल, तर एकच काम दोन-दोन दिवस बारा टक्क्यांवर बसतं. मी ती खूण चालू केली. मग ८ जीबीच्या यंत्रांवर उलटी तक्रार आली: सकाळी पहिली शीट उघडायला वेळ लागतो. साहजिक आहे, रात्रीची उरलेली कामं मेमरी अडवून बसलेली. शेवटी खूण चालू ठेवली आणि जास्त मेमरी खाणारे प्रकल्प काढून टाकले. व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लागणारे तर सगळेच. आता यंत्रं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या मुख्यतः वैद्यकीय संशोधनाच्या प्रकल्पाला जोडलेली आहेत आणि खगोलशास्त्राचा आइन्स्टाइन अ‍ॅट होम राखीव ठेवलाय. राखीव म्हणजे त्याचा वाटा शून्य. पहिल्याकडे काम नसेल तेव्हाच तो काम देतो. हे आवश्यकच आहे, कारण ग्रिड २०२१ मध्ये आयबीएमकडून टोरंटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे गेल्यापासून तिथलं काम कधी येतं, कधी येत नाही. आइन्स्टाइनकडे मात्र माझ्या नऊ महिन्यांत काम संपलेलं बघितलं नाही. २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या संगणकांतून पहिला नवा पल्सार (वेगाने फिरणारा, रेडिओ लहरी सोडणारा तारा) त्यांनाच सापडला होता.

इथपर्यंतचं टिपण मी चौथ्या महिन्यात करून ठेवलं होतं. तेव्हाचं मत: ‘उत्तम, पाचपैकी साडेचार, मोकळा वेळ वाया जात नाही, फुकट ते पौष्टिक.’ त्यातलं ‘फुकट’ आता मागे घेतो.

पाचव्या महिन्यात मी प्लगमध्ये लावायचा मीटर आणला आणि एका यंत्राला लावला. नुसतं चालू असताना २८ वॉट, सगळे थ्रेड जुंपले की ८४. मी सुरुवातीपासून यंत्रं रात्रभर चालू ठेवत होतो, तेही आठही थ्रेडवर, कारण रात्री ऐकायला कोण असतं! चौदा तास, २३ यंत्रं, ८४ वॉट. गुणाकार केला तर एका रात्रीत २७ युनिट. मी तोच माणूस आहे जो जिन्यातला दिवा बंद करायला दोन मजले परत चढतो. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

‘मोकळा वेळ तसाही वाया जातो’ हे वाक्य १९९९ मध्ये सेटी अ‍ॅट होम निघालं त्या काळातलं आहे. तेव्हाचा प्रोसेसर रिकामा असला काय आणि राबला काय, विजेत फार फरक पडत नसे. आजचा रिकामा असला की वेग उतरवून जवळजवळ झोपतो. त्याला उठवलं की पैसे पडतात. रात्री पूर्ण बंद करता येणारं यंत्र निव्वळ यासाठी चालू ठेवणं हा तर सरळ खर्च आहे, दान म्हणा हवं तर. माझ्या टिप्पणीत हा आकडा नव्हता. साहेबांकडे जाऊन सांगितला, आणि रात्रीचा प्रकार त्याच दिवशी बंद केला.

त्यातूनच या नऊ महिन्यांतला एकमेव निखळ आनंद मिळाला. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘प्रोसेसरची कमाल अवस्था’ असते. ती १०० वरून ९९ टक्के केली की आमच्या यंत्रांवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं जादा वेगाने धावणं, बंद होतो. एक टक्का, बस. सगळे थ्रेड चालू असताना ८४ वॉटचे ५८ झाले. तापमान ८३ वरून ६४ वर आलं. काम कमी झालं ते फक्त पाचवा हिस्सा. पंखा? दुपारी मी मुद्दाम यंत्राशेजारी उभा राहून कान लावला तर एसीचा आवाज जास्त येत होता. पाच महिने मी बॉइंकच्या सेटिंग्ज उकरत बसलो होतो आणि औषध बॉइंकच्या बाहेर होतं.

मात्र हे दिवसभर ठेवू नका. टर्बो बंद असताना मॅडमची मोठी शीट रेंगाळते, कारण ती एकाच कोअरवर चालते आणि टर्बोचा फायदा तिलाच जास्त. मी शेड्युल्ड टास्कने प्लॅन बदलतो. सकाळी नेहमीचा, संध्याकाळी सहाला थंड. आठला बॉइंक नीट थांबवून यंत्रं बंद. दिवसभरात मधल्या रिकाम्या वेळेत काय होईल ते होईल. सोबत कामाचा साठा दिवसाच्या दहाव्या भागावर आणा. नाहीतर बॉइंक हावरटासारखी कामं उतरवून ठेवतं, शनिवार-रविवार यंत्र बंद असतं आणि मुदत टळते.

कुणीतरी विचारेल, बॉइंकची प्रायॉरिटी सगळ्यात खालची असते ना, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना आधी संधी, मग लोक काम करत असतानाच का नाही चालू ठेवायचं? मीही एक आठवडा चालू ठेवलं होतं. खालची प्रायॉरिटी विंडोजला कळते, कोअरला नाही. एका कोअरचे दोन थ्रेड एकच यंत्रणा वाटून घेतात. बॉइंक एका थ्रेडवर गणित करत असेल तर दुसऱ्यावरचा माणूस मागे पडतो, मग त्याची प्रायॉरिटी कितीही वरची असो. तीच शीट ४० सेकंदांऐवजी ५२ घ्यायला लागली. बारा सेकंद. कुणी तक्रार केली नाही, पण मी घड्याळ लावून बघितलं आणि मला लाज वाटली.

आता त्या पॉवर सप्लायचं. आठव्या महिन्यात भिंतीलगतचं, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेलं एक यंत्र गेलं. कंत्राटदाराचा मुलगा आला, पेटी उघडली, त्याच्या पेन ड्राइव्हवरचा स्कॅनर हार्ड डिस्कवर फिरवला. स्कॅनरने बॉइंकच्या फोल्डरमधल्या एका फाइलवर लाल खूण केली आणि निदान झालं. मी बॉइंकचा लॉग काढून पाठवला: त्या महिन्यात या यंत्राने जेमतेम ६१ तास काम केलं होतं, तेही बहुतेक थंड प्लॅनवर. उत्तरात तेच वाक्य, फक्त ‘मायनिंग’ ठळक अक्षरांत.

एवढ्यावर चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणून मोकळा झालो असतो. पण रविवारी येऊन मी दहा यंत्रं उघडली. जमिनीवर ठेवलेल्या सगळ्यांत धुळीची गोधडी. टेबलावरच्यांत चिमूटभर. रिसेप्शनच्या यंत्रावर बॉइंक कधी बसवलंच नव्हतं, तेही जमिनीवर, आणि त्यातही गोधडी. म्हणजे गुन्हेगार जमीन. तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. पंखा जास्त फिरला की धूळही जास्त ओढतो, आणि पहिले पाच महिने रात्रभर मी त्याला जोरात फिरवत होतो. मरणाऱ्याला मी धक्का दिला नाही असं शपथेवर सांगता येणार नाही. हे मी मेलमध्ये लिहिलेलं नाही, इथे लिहितोय.

रेटिंग साडेतीन. अर्धा गुण तीन मिनिटांबद्दल कापला, एक पूर्ण गुण सीपीयू वेळेच्या त्या फसव्या टक्केवारीबद्दल. वीज माझी चूक, तिचे गुण कापत नाही.

सध्या जमिनीवरची सहा यंत्रं स्टँड येईपर्यंत बॉइंकमधून वगळली आहेत, बाकी सतरा चालू आहेत. मेलेल्या यंत्राला अडगळीतल्या जुन्या डब्यातला पॉवर सप्लाय काढून लावला आणि ते सुरू झालं. त्याच्यावर आइन्स्टाइनचं एक काम ७१ टक्क्यांवर अडकलं होतं. चालू करून बघितलं तर मुदत कधीच टळून गेलेली. सर्व्हरने ते काम दुसऱ्या कुणाच्या संगणकाला देऊन टाकलं होतं, मला एकही मेल न पाठवता.