कडुनिंबाचं तेल, १५०० पीपीएम: तीन चतुर्थ्यांचा अनुभव

गोव्यात, म्हार्दोळला आमच्या परसात दर पावसाळ्यात सात शिरांची भेंडी आणि दहा-बारा मिरच्या असतात. चतुर्थीला भेंडी घरचीच हवी, हा सासूबाईंचा हट्ट.

पहिल्या वर्षी आणलेल्या बाटलीवर नुसतंच 'शुद्ध नीम तेल' लिहिलेलं. पाण्यात घातलं की वर तवंग. पंप दोनदा चोंदला, आणि तेल जाड पडलं तिथली पानं करपली. भर दुपारी फवारलं ही माझी चूक. साबणाचं पाणी मिसळायचं असतं हे दुकानदाराने सांगितलं नाही, ही त्याची.

पुढच्या वर्षी बाटली उलटीपालटी करून अझाडिरॅक्टिनचा, म्हणजे कडुनिंबातल्या कीड रोखणाऱ्या घटकाचा, आकडा वाचला. १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५०० भाग. हे पाण्यात पडताच दुधासारखं होतं. लेबलाप्रमाणे लिटरला ५ मिली. ढवळलेलं त्याच संध्याकाळी संपवायचं. संध्याकाळच, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. आता आपल्याकडच्या श्रावणात कोरडी संध्याकाळ शोधायची म्हणजे... फवारलं आणि तासाभरात सर आली, असं दोनदा झालं.

भेंडीवर मावा होता. दुसऱ्या दिवशी सगळे किडे जागच्या जागी. "पैसे पाण्यात गेले गो," सासूबाई म्हणाल्या. पण हे औषध किड्याला तडकाफडकी मारत नाही. त्याची खाण्यावरची वासना उडवतं आणि पिल्लांना कात टाकू देत नाही. आठवड्याने दुसरा हात दिला, तेव्हा कोवळे शेंडे स्वच्छ दिसू लागले.

मिरचीवरच्या पिठ्या ढेकणापुढे मात्र हरलं. अंगावर मेणाचा थर असतो त्यांच्या. शेवटी जुन्या टूथब्रशने घासून काढले. आणि भेंडीला केवडा रोग झाला असेल तर बाटली उघडूच नका. तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. पान पिवळ्या जाळीचं झालं की रोप उपटायचं. मी चार उपटली.

शेजारचे तात्या तंबाखूचं पाणी मारतात. "तेंही झाडाचंच मगे?" झाडाचंच, पण निकोटीन माणसालाही विष. खायच्या भाजीवर मी ते मारणार नाही. आणि पंप, नीमतेलाचा असला तरी, विहिरीच्या कठड्यावर धुवत नाही.

यंदाही हेच आणलं. माझे पाचापैकी चार तारे. कापलेला एक वासासाठी: कुबट लसणाचा, दोन धुण्यांनंतरही न जाणारा. फवारणीचा माझा गाऊन सासूबाई घराच्या दोरीवर घालू देत नाहीत, तो माडाला बांधलेल्या सुंभावर वाळतो.